आकर्षण : एक शब्द, तीन बले



एका दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ शाळेने चालविलेल्या या व्याख्यानमालेत मराठीच्या निवृत्त अध्यापकाने उभे राहावे आणि विषय घ्यावा तो गुरुत्वाकर्षण, चुंबकत्व आणि अणुगर्भातील बले यांचा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु या विषयाचा एक धागा भाषेत गुंतलेला आहे, आणि तेवढ्यापुरता मला त्यावर बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो. ही तिन्ही बले मुळात एकच असली पाहिजेत, अशी कल्पना गेली चारशे वर्षे विचारी माणसांना मोह घालीत आली आहे. त्या कल्पनेचा इतिहास मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यात कोपर्निकसाच्या वारसदारांचे युरोप जसे आहे, तसेच आपले कुलाबा, अलिबाग, कोल्हापूर आणि काशीही आहे.

प्रारंभ आपल्या परिसरातल्या एका वस्तूपासून करू. मोहनखेडा ज्या धार जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्य नगरात, पवारांच्या जुन्या राजधानीत, लाट मशीद आहे. ती दिलावरखानाने १४०५ साली बांधली. तिच्यापाशी एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. स्तंभ अखंड होता तेव्हा त्याची लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सुमारे ७ टन असावे. या एका लोखंडात आपली तिन्ही बले एकत्र नांदत आहेत. पृथ्वी त्याला खाली ओढते, म्हणून ते जड. लोहचुंबक जवळ नेला तर तो त्याला चिकटतो. आणि त्याच्या प्रत्येक अणूच्या गर्भात २६ प्रोटॉन परस्परांना विजेच्या बळाने दूर लोटत असताही एकत्र बांधलेले आहेत. इतकेच काय, साऱ्या मूलद्रव्यांत ज्यांचे अणुगर्भ सर्वांत घट्ट बांधलेले आहेत, ती लोखंड आणि त्याची शेजारची मूलद्रव्येच होत. पाहणाऱ्याच्या मनात सहज येते की, ओढणे हाच जर तिघांचा धर्म, तर ओढणाराही एकच का नसावा?

प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण नकळत एक उडी घेतो. 'आकर्षण' हा शब्द एक आहे, म्हणून त्यामागचा पदार्थही एक असला पाहिजे, असे आपण धरून चालतो. आपल्या प्राचीनांनी ही उडी घेतली नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत आधार सुटलेली वस्तू पडते त्याचे कारण 'गुरुत्व' असे सांगितले आहे. पण सुई लोहचुंबकाकडे सरकते त्याचे कारण मात्र 'अदृष्ट' मानले आहे. एका घटनेचे कारण वस्तूच्या ठायी असलेला गुण, दुसरीचे कारण न दिसणारे काहीतरी. दोन घटना वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांना एका दावणीला बांधण्याची घाई त्या सूत्रकाराने केली नाही.

पुढे शके १०७२ म्हणजे ११५० साली भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणाची शक्ती असून आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढून घेते, म्हणून त्या पडत असल्यासारख्या भासतात, असा विचार आला आहे. कणादाचे गुरुत्व पडणाऱ्या वस्तूत होते. भास्कराचार्यांनी कर्तृत्व पृथ्वीकडे दिले. आपला आजचा 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द पाहिला की, या दोन्ही कल्पना एका समासात शेजारी येऊन बसलेल्या दिसतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिल्याची नोंद आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. या परंपरेचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु अंतर दुप्पट झाले तर ओढ किती कमी होते, हा प्रश्न भास्कराचार्यांनी मांडलेला नाही, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगावे. न मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पदरात टाकल्याने त्यांची थोरवी वाढत नाही.

चुंबकाविषयीची एक कथा तर आपल्या धारशीच निगडित आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथात, समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील लोहचुंबकी खडक तिला ओढून घेतील, असा इशारा आहे. अशा खडकांच्या गोष्टी अरबी आणि युरोपीय कथांतही सापडतात. चुंबकाची ओढ पृथ्वीच्या ओढीसारखी दूरवर पोहोचते, हा समज त्यांच्या मुळाशी आहे. वस्तुतः दोन ध्रुव असलेल्या चुंबकाचा प्रभाव फार झपाट्याने ओसरतो. अंतर दुप्पट केले की त्याचे क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते, तर गुरुत्वाकर्षण चौथ्या हिश्श्यावर. हा फरक तर्काने कळत नाही, मोजल्यानेच कळतो.

युरोपातही तोच मोह होता. विल्यम गिल्बर्टने १६०० साली पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे असे प्रतिपादन केले. त्याने प्रभावित झालेल्या केप्लरने १६०९ च्या ग्रंथात सूर्य ग्रहांना फिरवितो तो चुंबकासारख्या शक्तीने, अशी कल्पना लढविली. केप्लरचे ग्रहगतीचे नियम टिकले, चुंबकाची कल्पना मागे पडली. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त स्पष्ट म्हटले की, गुरुत्व आणि चुंबकत्व यांचे स्वरूप भिन्न आहे. गुरुत्वाकर्षण द्रव्याच्या राशीच्या प्रमाणात असते, मग ते द्रव्य लाकूड असो की सोने. चुंबकाचे तसे नाही. आपल्या लोहस्तंभाचा एखादा कपचा ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापविला तर चुंबक त्याला ओळख दाखवीत नाही, पण तराजूत त्याचे वजन तेवढेच भरते. एक बल निमाले आणि दुसऱ्याला त्याची वार्ताही नाही.

असे असूनही एकत्वाचा शोध वेडेपणाचा होता असे मुळीच नाही. १८२० मध्ये विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते असे ओर्स्टेडला दिसले. १८३१ मध्ये हलत्या चुंबकापासून वीज निर्माण होते हे मायकेल फॅरेडेने दाखविले आणि १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हेही सिद्ध केले. वीज, चुंबक आणि प्रकाश ही निराळी वाटणारी तीन घराणी अखेर मॅक्सवेलच्या समीकरणांत एका कुळाची ठरली. तेव्हा फॅरेडेला वाटले की, गुरुत्वाकर्षणही याच कुळातले असले पाहिजे. १८४९ मध्ये त्याने तारेच्या वेटोळ्यांतून वजनदार वस्तू खाली सोडून विजेचा प्रवाह उमटतो का, हे तपासले. प्रवाह उमटला नाही. आपला विश्वास अजून ढळलेला नाही, पण प्रयोगाने त्याला पुरावा दिलेला नाही, असे त्याने निबंधात मोकळेपणाने नोंदविले. पुढे १८५९ मध्ये उंच मनोऱ्यावरून शिशाची मोठी वजने वरखाली करून त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा उत्तर नकाराचेच आले. विश्वास आणि पुरावा यांची दोन खाती वेगळी ठेवणारा हा मनुष्य एका लोहाराचा मुलगा होता आणि त्याचे शालेय शिक्षण नाममात्र होते, हे मी येथील विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला कुलाबा येथे १८२६ साली उभारलेल्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित मापन सुरू झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेची धुरा वाहिली. पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयातच तेथे नोकरीस लागून हवामानाचे व लोहचुंबकाचे वेध घेत होते. सुई उत्तरेपासून किती ढळली, किती कलली, हे ठरावीक वेळी, रात्र असो की पावसाळा असो, वहीत उतरून ठेवायचे, एवढेच ते काम. त्यातून उद्या कोणता सिद्धान्त सिद्ध होणार, हे त्या तरुणाला कोणी सांगितले नव्हते. मराठी माणसाचा आधुनिक चुंबकशास्त्राशी पहिला संबंध आला तो असा, नोंदवहीच्या द्वारे.

त्या नोंदींची किंमत किती मानली गेली, याचे एक उदाहरण पाहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या सुया विचलित होतील हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय मापनासाठी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीत लोखंडाचा खिळाही येऊ नये याची दक्षता घेऊन चुंबकाला न बाधणारे दगड आणि पितळ-तांबे वापरण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेण्यात आली. जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा जुळावा, एवढाच त्यामागचा हेतू. त्यामुळेच १८४१ पासूनची ती साखळी आजही तुटलेली नाही. अलिबागची वेधशाळा अजून कार्यरत आहे.

आता ज्या कल्पनेमुळे मला हा विषय घ्यावासा वाटला, तिच्याकडे वळतो. पृथ्वीला चुंबकत्व कोठून आले, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीट उलगडले नव्हते. १९४७ मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट या इंग्रज शास्त्रज्ञाने एक धाडसी विचार मांडला. पुढच्याच वर्षी त्यांना विश्वकिरणांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, आणि स्वतंत्र भारताच्या पंडित नेहरूंना ते विज्ञान व संरक्षण या बाबतींत सल्ला देत असत. त्यांचे म्हणणे असे की, स्वतःभोवती फिरणारी कोणतीही प्रचंड वस्तू केवळ तिच्या फिरण्यामुळेच चुंबक बनते. पृथ्वी, सूर्य आणि नुकतेच ज्याचे चुंबकत्व मोजले गेले होते असा एक तारा, या तिघांची चुंबकीय शक्ती आणि परिवलन यांचे गुणोत्तर जवळजवळ सारखे येत होते, आणि त्या गुणोत्तरात न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक व प्रकाशाचा वेग ही दोनच मूल्ये डोकावत होती. गुरुत्व आणि चुंबकत्व यांना जोडणारा दुवा हाती आला, असे वाटण्याजोगेच हे होते.

ब्लॅकेट यांचे मोठेपण यापुढे दिसते. आपली कल्पना खरी असेल तर खोल खाणीत उतरल्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक किंचित कमी व्हायला हवा. चुंबकत्वाचे मूळ पृथ्वीच्या गाभ्यात असेल तर तो वाढायला हवा. तेव्हा इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत मोजमापे झाली. उत्तर कल्पनेच्या विरुद्ध गेले. इकडे ब्लॅकेट यांनी १५ किलोहून अधिक वजनाची शुद्ध सोन्याची नळकांडी घडवून घेतली. पृथ्वीबरोबर फिरणारे ते सोने, कल्पना खरी असेल तर, अतिशय क्षीण का होईना, चुंबकत्व दाखविणार होते. ते मोजण्यासाठी त्यांनी एक विलक्षण संवेदनशील चुंबकमापक तयार केला. सोने मूक राहिले. १९५२ साली ब्लॅकेट यांनी हा निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध केला आणि निबंधाच्या शीर्षकातच त्याला 'नकारात्मक प्रयोग' म्हटले. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालींतून निर्माण होते, हेच आज सर्वमान्य आहे.

पण गोष्ट येथे संपत नाही. सोन्यासाठी घडविलेल्या त्या यंत्राने खडकांतील अतिक्षीण चुंबकत्वही मोजता येऊ लागले. तप्त लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेचा ठसा धरून ठेवतात. ब्लॅकेट यांच्या गटातील संशोधकांनी १९५६ च्या सुमारास आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने तपासले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे प्रभृतींनीही हे काम पुढे नेले. कातळातील दिशा सांगत होती की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थिजला तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास होती. खंडे सरकतात, या मताला त्यातून बळकटी मिळाली. सह्याद्री ज्या कातळाचा, त्याच कातळाचे आपले माळव्याचे पठारही आहे. आपण ज्या काळ्या मातीत कापूस पिकवितो, तिच्या मूळ खडकाने ही साक्ष दिली. एक कल्पना खोटी ठरली, पण ती मोजता येईल अशा रीतीने मांडली गेल्यामुळे तिच्या पडझडीतूनही ज्ञान हाती आले.

गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्चुंबकत्व यांना एका भूमितीत बसविण्याचा दुसरा प्रयत्न आइन्स्टाइनचा. १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त सिद्ध केल्यावर त्याने आयुष्याची अखेरची तीस वर्षे त्यात वेचली. त्यापूर्वी १९२१ मध्ये कालुझाने अवकाशाला आणखी एक मिती जोडून तोच यत्न केला होता. आइन्स्टाइन १९५५ साली निवर्तला तेव्हा ते काम अपुरेच होते. भारतात सापेक्षतेच्या अध्ययनाची परंपरा रुजविणाऱ्यांत कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर यांचे स्थान मोठे आहे. १९३२ पासून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकविताना त्यांनी शिष्यांची एक पिढी घडविली. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉयल यांच्यासह १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. विद्युत्चुंबकीय क्रिया दोन कणांमध्ये थेट घडते, या जुन्या मांडणीच्या धर्तीवर त्यांनी गुरुत्वाचा विचार केला. वस्तूचे जडत्व हे विश्वातील इतर साऱ्या वस्तूंमुळे असते, हे त्याचे सूत्र. तो सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. परंतु तो गणिताच्या भाषेत आणि विद्वानांच्या सभेत मांडला गेला, त्यावर वाद झाले, आणि नारळीकरांनी ते वाद निरीक्षणांच्या आधारे लढविले. २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. अल्पमतात राहूनही विज्ञानाची शिस्त कशी पाळावी, याचा तो आपल्या भाषेतला, आपल्या काळातला वस्तुपाठ होता.

राहता राहिले अणुगर्भातील बल. १९११ मध्ये रदरफोर्डने अणुगर्भ शोधला, १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. त्या गर्भाला बांधून ठेवणारे बल गुरुत्वाचे असू शकत नाही, हे हिशेबानेच कळते : दोन प्रोटॉनांमधले विद्युत प्रतिसारण त्यांच्या गुरुत्वाकर्षणाहून एकावर छत्तीस शून्ये इतके पट मोठे असते. चुंबकत्वही तेथे पुरे पडत नाही. म्हणून १९३५ मध्ये युकावाने अत्यंत तोकड्या पल्ल्याचे, परंतु प्रबळ असे निराळे बल कल्पिले. किरणोत्सर्गाच्या एका प्रकाराला कारण होणारे चौथे, क्षीण बलही मानावे लागले. गंमत अशी की, एकत्व सापडले ते अनपेक्षित जागी. ग्लॅशो, वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम यांनी विद्युत्चुंबकत्व आणि हे क्षीण बल एकाच मुळाचे असल्याचे दाखविले. त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले आणि त्यांनी भाकीत केलेले कण १९८३ मध्ये प्रत्यक्ष सापडले. 'आकर्षण' या शब्दाच्या मागे लागून कोणीही या जोडीपर्यंत पोहोचले नसते.

प्रबळ बलही यात मिळवायचे तर त्यासाठी मांडलेल्या सिद्धान्तांचे म्हणणे असे की, प्रोटॉन अमर नसून अतिदीर्घ काळाने त्याचाही ऱ्हास झाला पाहिजे. हे तपासण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक भारतात झाला. टाटा संस्थेच्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २३०० मीटर खोलीवर, लोखंडी पत्र्यांचा १४० टनांचा शोधक रचला. पुन्हा लोखंडच! वर्षानुवर्षे ते लोखंड निरखले गेले. प्रोटॉनाच्या मृत्यूच्या वाटाव्यात अशा मोजक्या घटना तेथे नोंदल्या गेल्या, परंतु इतरत्र, अधिक मोठ्या उपकरणांनी, त्यांना दुजोरा मिळाला नाही. जपानमधील प्रयोगांवरून आज इतकेच म्हणता येते की, प्रोटॉनाचे आयुष्य एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहूनही अधिक असले पाहिजे. गुरुत्वाकर्षण तर अद्याप या कुटुंबात सामील झालेलेच नाही. त्याच्या लहरी २०१५ मध्ये प्रथम टिपल्या गेल्या. त्यांचा वेध घेणारी भारतीय वेधशाळा मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

या इतिहासाचा आपल्या शाळेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा. गुरुत्व, चुंबक आणि अणुशक्ती यांचे रहस्य एका सूत्रात उकलल्याचा दावा करणाऱ्या पुस्तिका अधूनमधून निघतात. कधी त्यांना प्राचीन ग्रंथांचा आधार जोडलेला असतो, कधी स्वतःच्या प्रतिभेचा. त्यांची चेष्टा करू नये. तो प्रश्न फॅरेडेलाही पडला होता. परंतु विद्यार्थ्याने त्या लेखकाला तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. आपले सूत्र किती, हे आकड्यात सांगते काय? आजवरच्या नोंदींशी, कुलाबा-अलिबागच्या वह्यांशी, ते जुळते काय? आणि काय घडले म्हणजे ते खोटे ठरेल, हे आपण आधी लिहून द्याल काय? ब्लॅकेट यांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःहून दिले, म्हणून त्यांच्या चुकलेल्या कल्पनेचेही आपण आज आदराने स्मरण करतो.

भाषेचा अध्यापक म्हणून मी एवढेच म्हणेन. भाषेचे कामच जोडण्याचे असते; उपमा, रूपक, श्लेष ही सारी दोन निराळ्या वस्तूंना एकत्र आणण्याची साधने होत. काव्यात साम्य दिसले की काम संपते, विज्ञानात साम्य दिसले की काम सुरू होते. हा भेद मुलांना कळावा म्हणून शाळेने फार खर्च करण्याची गरज नाही. एक होकायंत्र, एक तापमापक, एक पर्जन्यमापक आणि एक जाड वही एवढे पुरे. रोज ठरल्या वेळी एका विद्यार्थ्याने नोंद करावी, खाली आपले नाव लिहावे, आणि वर्ष संपले की वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. केरो लक्ष्मण छत्रे यांची सुरुवात अशाच वहीने झाली होती. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे स्मारक म्हणून मला तरी याहून चांगले काही सुचत नाही.